मोड नावाचं बटण

माझ्या दुकानात येणारा माणूस आधी माझ्या कंप्युटरकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि मग आवाज खाली करून विचारतो, "राजदीपभाऊ, बिघडलं का जी?"

त्याचं चुकत नाही. स्क्रीन काळी असते. वर एक बारीक पट्टी आणि त्या पट्टीत पाच शब्द: आंबा, बोडी, मोह, पऱ्हे, खळं. ना आयकॉन, ना डोंगरदऱ्यांचं चित्र, ना कोपऱ्यातलं ते चार चौकटींचं चिन्ह. मी सांगतो, "बिघडलं नाई. सुधरलं." त्याला पटत नाही आणि मला पटवायची घाई नसते. पण हे ज्या मुलीनं सुधरवलं तिचं नाव मी प्रत्येकाला सांगतो, कुणी विचारो न विचारो. नूतन म्हणते, आता गिऱ्हाईक तुटेल ते या नावाच्या कंटाळ्यानंच तुटेल.

नूतन माझी बायको. अंगणवाडीत सेविका आहे, आणि माझा राग कधी ऐकायचा आणि कधी नाही हे ठरवणारी एकमेव व्यक्ती. आरमोरीत बसस्टँडजवळ 'तक्षशिला टायपिंग आणि झेरॉक्स' हे आमचं दुकान. टाइपरायटर खडखडायचे तेव्हापासून मी तिथं बसतोय. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाच्या पत्रिका हे बारमाही काम. पण दुकानाचा खरा जीव दिवाळीनंतरच्या हंगामात. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. वडशाच्या नाटक कंपन्या गावं घेतात. नाटक तेच असतं, पत्रक मात्र दर गावाचं वेगळं: तारीख वेगळी, उद्घाटक वेगळा, अध्यक्ष वेगळा, त्यांचे फोटो वेगळे. एखाद्या अध्यक्षाचं नाव चुकलं तर पडदा उघडायच्या आधीच गावात खेळ सुरू होतो. अशी पत्रकं मांडणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा खेळ, असं मी सगळ्यांना सांगायचो. माणसानं बोलताना जपून बोलावं.

उन्हाळ्यात मला लकव्याचा झटका आला. हलका आहे, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचे दोन्ही हात शाबूत होते, त्यांना हलकाच वाटणार. पाय सुधारला, तोंडाची बाजू जागेवर आली, उजव्या हाताची बोटं उशिरा का होईना की-बोर्डवर पोचायला लागली. माउस तेवढा गेला तो गेलाच. हातात धरला की स्क्रीनवरचा बाण थरथरायचा. एक खिडकी धरायला जावं तर दुसरीच ओढली जायची, दुसरी तिसरीवर जाऊन बसायची, आणि ज्या निरोपातली नावं बघून टाइप करायची तो निरोपच सगळ्यांच्या खाली गडप व्हायचा. मग त्याला शोधायला पुन्हा माउस. डाव्या हातात धरून पाहिला. डावीचा बैल उजवीकडे जुंपल्यासारखं झालं.

शेजारी बिरजूचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. त्याला जागा वाढवायची होती आणि माझी जागा भिंतीला भिंत लागून. बिरजू भला माणूस, म्हणाला, "भाऊ, तुमी ठरवा. मी घाई नाई करत." मी नूतनला सांगून टाकलं की यंदाच्या मंडईची पत्रकं जमली तर दुकान राहील, नाही जमली तर बिरजूला चावी देऊन मी मोकळा. नूतन हिशेबाची वही पुन्हा पुन्हा चाळत बसली. तिला भीती वाटते तेव्हा ती असंच करते. मलाही वाटत होती. टायपिंगखेरीज मला या जगात दुसरं काही येत नाही.

आता दिव्या. दिव्या मडावी वैरागडच्या पुढच्या जंगलातल्या एका गावची. तिचा बाप वारलूभाऊ मोह, हिरडा घेऊन बाजाराला यायचा, तेव्हापासूनची ओळख. पोरगी इथल्या वसतिगृहात राहून शिकली आणि संध्याकाळी माझ्याकडे टायपिंगला यायची. माझ्या विद्यार्थ्यांत मला उलट उत्तर देणारी ती एकटीच, म्हणून पक्की लक्षात राहिली. आता ती चंद्रपूरला एका संस्थेत कंप्युटर शिकवते. माझ्या हाताचं तिला वारलूभाऊकडून कळलं. पावसाळ्यात एक दिवस आली, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि मी कसं काम करतो ते नुसतं बघत राहिली. चहा प्याली, जय सेवा म्हणाली आणि गेली. मला वाटलं, कीव करायला आली होती. तो राग मी नूतनवर काढला.

दसऱ्यानंतरच्या रविवारी ती पुन्हा आली, पेन ड्राइव्ह घेऊन.

"भाऊ, तुमच्या कंप्युटरचा जीव लहान हाये," ती म्हणाली, "अन् विंडोज त्याच्या छातीवर बसून राह्यलं. मी लिनक्स टाकून देते. हलकं हाये."

"माझ्या फायली?"

"मंघाच काढून ठेवल्या. नूतनबाईच्या समोर काढल्या."

"अन् पत्रकाचं सॉफ्टवेअर?"

"त्याच्यासारखं दुसरं हाये. तुमच्या जुन्या फायली त्यात उघडतेत. अक्षरं थोडे इकडंतिकडं होतीन, तेवढे सावरून घेजा." मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाली, "अन् मुख्य म्हंजे माउसचं काम जवळपास संपलं. याले टायलिंग विंडो मॅनेजर म्हनतेत."

टाइल म्हटल्यावर मला आमच्या मोरीतली फुटकी फरशी आठवली आणि माझं ऐकणं तिथंच थांबलं. हे माझं नेहमीचं आहे. तोंडानं हो म्हणतो आणि मनात आपलं चाललेलं असतं. ती काहीतरी सांगत होती, खिडक्या एकमेकींवर चढणार नाहीत, शेजारी शेजारी बसतील, सगळी बटणं डाव्या हाताला आणून ठेवलीत. मी मान हलवत होतो आणि मनात म्हणत होतो, पोरीनं माझी स्क्रीन काळी करून ठेवली. जायच्या आधी तिनं बटणांवर सुबक मराठीत चिठ्ठ्या लावल्या: नवी, बंद, सरक, मोठी, ताजं. आणि स्पेसबारच्या डाव्या बाजूच्या, त्या चार चौकटींच्या बटणावर लिहिलं: मोड.

चंद्रपूरची बस लागली होती. पळता पळता ती म्हणाली, "भाऊ, ते मोड ध्यानात ठेवजा. सगळा खेळ त्याचाच हाये."

सोमवारी सकाळी मी दुकानात एकटा बसून त्या चिठ्ठ्या वाचल्या. मोड. आधी मला राग आला तो एकेरीचा. जिला बोटं कुठं ठेवायची ते मी शिकवलं ती मलाच 'मोड' म्हणते. 'मोडा' लिहायला एक काना जास्त लागला असता. मग विचार केला, पोरगी फटकळ असली तरी असली नाही. मास्तरला कंप्युटर मोड म्हणून कोण सांगेल. तेव्हा हा हुकूम नसणार, ही सूचना असणार: हे दाबलं की मोडतं. म्हणूनच तर जाता जाता बजावून गेली, ध्यानात ठेवजा. आमच्या विजेच्या बोर्डावर नूतननं 'हात लावू नये' लिहून ठेवलंय, त्यातलाच हा प्रकार. मी पत्रिकेचा जाड कागद कापला, बरोब्बर त्या बटणाच्या मापाची टोपी केली आणि चिकटपट्टीनं बसवून टाकली. टोपी देखणी झाली होती.

त्यानंतर काहीच होईना. सकाळी मशीन चालू केलं की पत्रकाचं सॉफ्टवेअर आपोआप उघडायचं, तेवढं दिव्यानं करून ठेवलं होतं. पण 'नवी' दाबा, 'सरक' दाबा, कशाला काही फरक नाही. दिव्याचा मधे फोन आला, "जमून राह्यलं का, भाऊ?" मी म्हणालो, "फसक्लास." एवढं बोलून मी फोन ठेवला आणि की-बोर्डकडे रागानं बघत बसलो.

अशात देवाजी आला. देवाजी वडशाच्या एका नाटक कंपनीचा व्यवस्थापक, आवाज असा की माइक बंद पडला तरी त्याचं अडत नाही. यंदाचं त्याचं नाटक 'रडू नको सोमारी', तीन अंकी, संगीत. गावांची नावं, अध्यक्ष, उद्घाटक, सगळं त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं होतं. पहिल्या गावाचं पत्रक माझ्यासमोर बसूनच करून घेतो म्हणाला. मी डाव्या हातात फोन धरून नाव वाचायचो, फोन खाली ठेवायचो, टाइप करायचो, तोवर पुढचं नाव विसरायचो, पुन्हा फोन. शेवटी उद्घाटकाच्या फोटोखाली अध्यक्षाचं नाव बसलं. देवाजीला ते दिसलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं आवाज बारीक केला, देवाजीनं आवाज बारीक केला, आणि म्हणाला, "भाऊ, तब्येतीले जपा. मी वडशातून करून घेतो."

"परवापर्यंत थांब," मी म्हणालो. तो बरं म्हणाला, पण त्याच्या तोंडावरून कळत होतं की तो माझ्यासाठी बरं म्हणतोय.

नूतन अंगणवाडीतून आली तेव्हा मी शटर अर्धं ओढून बसलो होतो. मी तिला सांगितलं, बिरजूला बोलाव. ती टेबल आवरायला लागली. फडकं की-बोर्डवरून फिरवताना थांबली.

"हे काय हाये?"

"टोपी."

"कायची टोपी?"

"ते मोडाचं बटन हाये. चुकून हात लागला तं सगळं मोडन."

नूतननं नखानं टोपी उचकटली, खालची चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे बघितलं. नाकात वाटाणा घालून बसलेल्या पोराकडे ती अंगणवाडीत असंच बघत असणार. मग तिनं दिव्याला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"दिव्या, हे मोड लिवलं ते बटन काय मोडते गं?"

पलीकडे पोरांचा गलका होता. तो कमी झाला, म्हणजे ती वर्गाबाहेर आली असणार. "काई नाई मोडत, बाई. त्याचं नावच मोड हाये. इंग्रजीतलं हाये ते."

"इंग्रजीतलं हाये तं मराठीत काऊन लिवलं?" मी मागून बोललो.

"तुमी मराठी टायपिंगवाले म्हनून लिवलं, भाऊ." ती थांबली. "तुमी ते दाबलं नाई का?"

"टोपी घातली होती," नूतन म्हणाली.

दिव्या हसली. मनसोक्त हसली, आणि मधेच गप्प झाली. "म्हंजे ते फसक्लास म्हनत होते ते?"

"ते राहू दे," मी म्हणालो.

"राहू देते. आता आयका. अन् या वेळी आयका, मान नोका हलवू." चंद्रपुरात बसून तिला माझी मान दिसत होती. "बांधीवर बांधी चढते का, भाऊ?"

आमच्याकडे धानाच्या शेताच्या एकेका वाफ्याला बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांमधल्या बांधाला धुरा. मी म्हणालो, "बांधीवर बांधी कशी चढन? मधात धुरा असते."

"मंग झालं तं. तुमच्या स्क्रीनवर आता बांध्या हायेत. एक उघडली तं पुरी जागा तिची. दुसरी उघडली तं पहिली अर्धी होते, अन् मधात धुरा पडते. धुरा सरकवला तं एक लहान, एक मोठी. पन कोनी कोनाच्या खाली जात नाई. डाव्या अंगठ्यानं मोड धरून ठेवा अन् त्याच हातानं 'नवी' दाबा."

मी अंगठा ठेवला. खरं सांगतो, तेव्हाही मनात आलं की आता मोडतं. मोडलं नाही. पत्रक आपणहून डावीकडे सरकलं आणि उजवीकडे तेवढीच मोकळी जागा झाली. दिव्यानं सांगितलं तसं त्या जागेत व्हॉट्सअ‍ॅप आणलं. देवाजीचा निरोप पत्रकाच्या शेजारी येऊन बसला, अध्यक्षाचं नाव इकडे आणि अध्यक्षाचा फोटो तिकडे, दोन्ही एकदम डोळ्यांसमोर. माउसला मी हात लावला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवण्यात काही अर्थ नाही, कारण नूतननं तेव्हाच फोनवर सांगून टाकलं, "रडून राह्यले, थांब जरा."

बिरजूला बोलावायचं त्या दिवशी राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी बसलो. शब्द किंवा फोटो हलवायला बाणांची बटणं होती, एक दाबलं की तो केसभर सरकायचा, थरथर नाही की काही नाही. आणि मग कधीतरी चहा घेताना माझं लक्ष वरच्या पट्टीकडे गेलं. तिथं नुसते आकडे असतात म्हणे. दिव्यानं आकड्यांच्या जागी आंबा, बोडी, मोह, पऱ्हे, खळं असं घातलं होतं. एकेक शब्द म्हणजे एकेक वेगळी स्क्रीन, मोड धरून आकडा दाबला की त्या स्क्रीनवर जाता येतं. शब्द ओळखीचे वाटत होते. मग डोक्यात उजेड पडला. टायपिंगला येणाऱ्या प्रत्येक पोराकडून मी पहिल्या आठवड्यात एक वाक्य घोटून घ्यायचो: आंब्याच्या बांधीत पाणी, बोडीच्या बांधीत गाळ, मोहाच्या बांधीत सावली, पऱ्ह्यांची बांधी घराजवळ आणि शेवटी सगळं खळ्यावर. माझे वडील वामनराव यांच्या शेताचं ते वर्णन; बोडी म्हणजे आमच्याकडचं शेततळं आणि पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. शेत मोठ्या भावाकडे गेलं, वडील गेले, वाक्य मात्र माझ्या वर्गात राहिलं होतं. कुणाच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं. मग मी तसंच लावून घेतलं. आंब्यात चालू पत्रक, बोडीत फोटो, मोहात गिऱ्हाइकांचे निरोप, पऱ्ह्यांत पुढची कामं, आणि छापायला तयार झालेलं सगळं खळ्यावर.

ठरल्या दिवशी देवाजी आला तेव्हा खळं भरलं होतं. त्यानं एकेक पत्रक बोट ठेवून तपासलं, त्याला चूक सापडली नाही, म्हणून त्यानं आपलं नाव बारीक झाल्याची तक्रार केली. आवाज पूर्वीसारखा मोठा होता. मला फार बरं वाटलं. बिरजूला मी स्वतः जाऊन सांगितलं की दुकान राहतंय. तो म्हणाला, "बरं झालं भाऊ. मले झेरॉक्सले लांब जा लागलं असतं."

पण मला तेवढ्यावर थांबता आलं नाही. या व्यवस्थेची सगळी रीत एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेली असते. आपण त्यात बदल करायचा, मोड धरून 'ताजं' दाबायचं, की स्क्रीन बदलते. असं काही टायपिंगवाल्याच्या हातात देऊ नये. ज्या खिडकीत आपण आहोत तिची कड मला बारीक दिसायची, मी ती जाड केली. मग तिचा रंग कापणीला आलेल्या धानाचा केला. अक्षरं मोठी केली. नूतनला ती फार मोठी वाटली, मग जराशी लहान केली. शेवटी 'मोड' ही चिठ्ठी काढून मी डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत, 'धुरा' अशी चिठ्ठी लावली. फाइलीतही जिथं जिथं मोड होतं तिथं धुरा केलं. एका ओळीत राहून गेलं आणि त्या दिवशी मोडनं खरोखरच मोडलं. दिव्यानं फोनवर ती ओळ शोधून दिली.

दिवाळीला ती घरी आली. देवाजीच्या यादीत तिच्या गावची मंडई शेवटी होती आणि त्यांचं पत्रक बाकी होतं. वारलूभाऊ मंडईच्या समितीत, म्हणून दोघं बापलेक मिळूनच दुकानात आले. जय भीम, जय सेवा झालं. 'धुरा' वाचून ती स्वतःशीच हसली. मी तिला सांगितलं की फोटो उघडला की कधी कधी तो आंब्यातच येऊन बसतो, बोडीत जात नाही. "सरका," ती म्हणाली आणि माझ्या खुर्चीवर बसली.

ती काम करत होती आणि मी तिचे हात बघत होतो. टायपिंगच्या मास्तराची ती सवयच. चेहरे आम्ही विसरतो, हात विसरत नाही. दिव्याचा उजवा हात माझ्या वर्गात सगळ्यांत वेगवान होता. तो आता तिच्या मांडीवर पडून होता. डावा एकटाच, अंगठा खाली रोवून, झपाझप चालला होता. 

"तुझ्या हाताले काय झालं?"

"कुठी काय?"

"मंग उजवा काऊन नाई चालवत?"

तिनं मांडीवरच्या हाताकडे बघितलं. तो तिथं आहे हे तिलाही तेव्हाच कळलं असावं. "सवय पडली," ती म्हणाली आणि उजवा हात की-बोर्डवर ठेवला.

वारलूभाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, "सवय पडन नाई तं काय. राखीले घरी आली तं उजवा हात ओढनीनं पोटाले बांधून लॅपटापवर बसली होती. मायनं इचारलं, हात मोडला का गं? तं म्हने, नाई, राजदीपभाऊचा हात कोनत्या बटनाले पोचते ते पाहून राह्यली."

"उजवा मोकळा ठेवला का मधातच धावत येते, भाऊ," दिव्या स्क्रीनकडे बघतच म्हणाली. "मंग समजत नाई तुमाले कुठी अडन ते. सगळे 'नवी' एंटरवर ठेवतेत. मीबी ठेवलं होतं. बांधल्यावर समजलं का एंटर किती दूर हाये."

"वर्गातबी बांधून शिकवत होती म्हने," वारलूभाऊ म्हणाला.

"जेवतानी सोडत होते, बाबा."

पावसाळ्यात ती माझ्या शेजारी स्टुलावर बसून माझा हात बघत होती, त्याचा अर्थ मला आत्ता कळत होता. मी आयुष्यभर दुसऱ्यांची बोटं धरून योग्य बटणावर ठेवली. माझी बोटं कुठवर जातील हे समजून घ्यायला कुणीतरी आपला धडधाकट हात बांधून घेईल, हे माझ्या कल्पनेतही नव्हतं. माझ्या सख्ख्या माणसांनी माझी सेवा केली, औषधं दिली, माझा राग सोसला, त्या सगळ्यांचं ऋण माझ्यावर आहेच. पण माझ्या हाताच्या आत जाऊन बसलं ते हे एकच माणूस.  

मी म्हणालो, "दिव्या, लई उपकार झाले पोरी."

"उपकार मंग पाहू, भाऊ," ती म्हणाली. "आमच्या सरपंचाच्या नावात रफार राह्यला."

ते दोघं गेल्यावर मी रफार दिला. मग पत्रकाच्या अगदी तळाला गेलो. तिथं 'अक्षरजुळणी: तक्षशिला, आरमोरी' अशी बारीक ओळ असते. धुऱ्यावर अंगठा ठेवला, ती बांधी मोठी केली आणि त्या ओळीखाली आणखी एक ओळ टाइप केली. 'धुरा: दिव्या वारलू मडावी.' वाचून बघितली, खळ्यावर टाकली आणि छापायला पाठवली.

मंडईच्या दिवशी दुपारी मी आणि नूतन त्यांच्या गावी गेलो. बाजार भरला होता, पाळणा फिरत होता, मांडवाच्या खांबाखांबावर माझं पत्रक लागलं होतं. देवाजीनं मला लांबूनच पाहिलं आणि पत्रक फडकवत आला. मंडईच्या गर्दीतही त्याचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"राजदीपभाऊ, कंपनी मी चालवतो. ढोलकीवाल्याच्या पगारापासून पडद्याच्या दोरीवरी सगळं मी पाहतो. अन् धुरा म्हनून नाव दुसऱ्याचंच? सकाळपासून लोकं इचारून राह्यले, कंपनीची नवीन मालकीन कोन म्हनून. आता सांगा मले, धुरा कोनाच्या हाती हाये?"

दिव्या तिच्या आईसोबत भज्यांच्या गाड्यापाशी उभी होती. देवाजीचा आवाज तिच्यापर्यंत पोचलाच असणार. तिनं हातातलं पत्रक वर धरलं, तळाची ओळ वाचली आणि वाचून झाल्यावरही मान वर केली नाही.

"तिच्या," मी देवाजीला म्हणालो. "डाव्या."

देवाजीला काहीच कळलं नाही. त्यानं एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, पत्रकाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "मंग पुढच्या वर्षी माझं नाव तिच्या वर टाका. जरा मोठं."